कानबाईच्या गाण्यांची पुस्तिका, नोंद ४ : स्पेसबार सोडला

कानबाई ही आमच्या खानदेशातली देवी, तिचा उत्सव श्रावणात. तिच्या गाण्यांची पुस्तिका मी संगणकावर लावतोय. मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, २४ पानं लागली, आता फक्त छपाई. तोंडघशी पडलो.

पेनड्राइव्ह घेऊन चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या संगणकावर मुक्ता फॉन्ट नव्हता, त्याच्या जागी दुसराच येऊन बसला. कडव्यांच्या शेवटचे ॥१॥, ॥२॥ घरी एकाखाली एक ओळीत उभे होते. इथे कुणी बोटभर आत, कुणी बाहेर, दोन तर थेट खालच्या ओळीत. दुकानदाराची काही चूक नाही. आकडा उजवीकडे न्यायला मीच स्पेसबार दाबत बसलो होतो, कुठे १५ वेळा, कुठे २२.

ही खोड टाइपरायटरची. मराठी ३० ची (मिनिटाला ३० शब्दांची) टायपिंगची परीक्षा दिलेल्या माझ्या पिढीला स्पेस मोजून मथळा मधोमध आणायला शिकवलंय. मशीनवर ते जमायचं, कारण मात्रा-वेलांटीच्या कळा सोडल्या तर दर कळेला गाडी सारखीच सरकायची. संगणकाच्या फॉन्टमध्ये ‘र’ अरुंद, ‘क्ष’ ऐसपैस. तिथे स्पेस मोजणं म्हणजे वाळूवर रेघ ओढणं.

घरी येऊन लिबरऑफिस रायटरमध्ये कंट्रोल आणि एफ-१० दाबलं. सगळ्या अदृश्य खुणा दिसायला लागल्या. पानभर बाजरी सांडावी तसे ठिपके! मग शोधा-बदलामध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना देऊन शोधायची सोय) चालू करून दोन किंवा जास्त स्पेस जिथे सलग आहेत तिथे एकच टॅब घातला, म्हणजे ठरवलेल्या जागेवर थेट उडी. ३१८ जागा बदलल्या. लाज वाटली, पण कुणाला सांगितलं नाही. म्हणजे आता तुम्हालाच सांगतोय.

पान ए-५, रुंदी १४८ मिमी. दोन्हीकडे १८ मिमी समास सोडला की मजकुराला ११.२ सेंमी उरतात. तिथेच उजवा टॅब ठोकला, म्हणजे आकडा त्या जागी येऊन संपतो. हे पट्टीवर ओढून करू नका, ओढताना एखादा परिच्छेद हमखास सुटतो. ‘कडवे’ नावाची शैली (परिच्छेदाच्या मांडणीचा साचा) करून तिच्यात टॅब घातला, की सगळी गाणी एकदम सरळ. लांब ओळ खाली वळली तर तिने आत सरकून बसावं म्हणून डावीकडून १.२ सेंमी आणि पहिल्या ओळीला उणे १.२ दिलं.

तरी एक गाणं हट्टाला पेटलं. मोठी माय चष्मा लावून पडद्यात डोकावली आणि म्हणाली, “हाई गाणं असं फाकेल काब शे रे?” खरंच फाकलं होतं. तीन शब्दांची ओळ, एक शब्द डाव्या कडेला, एक मध्ये, एक उजवीकडे. ते गाणं मी दोन्ही कडा सारख्या करून ठेवलं होतं आणि ओळी शिफ्ट-एंटरने तोडल्या होत्या. परिच्छेदाची शेवटची ओळ ताणली जात नाही, पण शिफ्ट-एंटरने परिच्छेद संपतच नाही, म्हणून मधली प्रत्येक ओळ ताणली जाते. सेटिंग्जमध्ये सुसंगततेच्या पानावर हे बंद करता येतं. मी सरळ डावीकडून लावलं. गाण्याला दोन्ही कडा सारख्या कशाला हव्यात?

गद्यातही माझं हेच मत होत चाललंय. ११ सेंमीच्या ओळीत आपले लांबलचक शब्द तुटत नाहीत, मग शब्दांमध्ये भगदाडं पडतात. ती बुजवायला अक्षरांमधलं अंतर वाढवून पाहिलं तर शिरोरेषाच तुटली, ‘कानबाई’चे तुकडे तुकडे. प्रस्तावनाही आता डावीकडूनच.

रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या गव्हाच्या नैवेद्याच्या, सामानाच्या पानाने मात्र एक अख्खी दुपार खाल्ली. बाहेर वैशाखाचं ऊन, त्यात दोनदा लाइट गेली. आमच्या घरात माणशी सव्वा मूठ गहू, त्या हिशोबाने किलोत यादी केली. १.२५, ०.५, १० असे आकडे एकाखाली एक यावेत म्हणून दशांशचिन्हं एका रेषेत आणणारा दशांश टॅब लावला आणि चिन्हाच्या जागी टिंब दिलं. १.२५ आणि ०.५ छान बसले. ‘१० किलो’ मात्र ‘किलो’सकट टिंबाच्या डावीकडे सरकलं! टिंब सापडलं नाही की तो टॅब सगळा मजकूर उजव्या टॅबसारखाच धरतो. आकडा आणि ‘किलो’ यांच्या मध्ये आणखी एक टॅब घातला, तेव्हा कुठे जागेवर आलं.

शेवटी परीक्षा घेतली. मुक्ता काढून शोभिका लावला, अक्षर १२ चं १३ केलं. सगळे आकडे जागच्या जागी. फक्त अकराव्या पानावर एक लांब ओळ आकड्याला भिडली, तिथला आकडा खाली उतरला. ती ओळ दोन ठिकाणी तोडली, मोठ्या मायला म्हणून दाखवली, तिने मान हलवली.

दुकानात आता पीडीएफच नेणार, फॉन्ट आत घालून. अनुक्रमणिकेचे ठिपके आणि अहिराणी शब्दांची यादी राहिलीय. त्या यादीतला ‘ऱ्हायना’ एका फॉन्टमध्ये नीट दिसतो, दुसऱ्यात अर्धा र चक्क डोक्यावर जाऊन बसतो. श्रावणाला अजून वेळ आहे.