उलट्या बाजूचा सिकंदर

१९९३ चा गणपती. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत मंडळानं दोन खांबांच्या मधे पांढरं कापड ताणलं आणि ‘जो जीता वही सिकंदर’ लावला. सिनेमा आदल्याच वर्षीचा, त्यामुळं शेजारच्या गल्ल्यासुद्धा लोटलेल्या. मी जेवून येईपर्यंत पुढं पाय ठेवायला जागा नव्हती. मग आम्ही चार-पाच पोरांनी नेहमीची सोय केली, कापडाच्या मागं जाऊन पोती पसरली. तिथनंही सगळं दिसायचं, फक्त उलटं. नावं वाचता येत नव्हती, पण नावं वाचायला कोण आलं होतं?

मी डावरा. त्याच संध्याकाळी आरतीनंतर डावा हात पुढं केला म्हणून आजीनं हातावर फटका दिला होता आणि प्रसाद उजव्या हातात ठेवला होता. आणि इथं पडद्यावर बघतो तर सगळं गावच डावरं! आमिर खान डावरा, दीपक तिजोरी डावरा, गॅरेजमधली आयेशा जुल्का तर इतकी सफाईनं डाव्या हातानं पाना फिरवत होती की मी तिथंच तिच्या पार्टीत गेलो. पूजा बेदीच्या पार्टीत बाकीची सगळी पेठ होती.

‘पहला नशा’ सुरू झालं आणि सगळे हळूहळू हलायला लागले, तशी गल्लीतनं आरोळी उठली, “आरं मशीन बघ, मशीन!” मशीनवाला बिचारा शिव्या खात राहिला. चित्र संथ आणि ओठ मात्र गाण्याबरोबर, ही गंमत साधायला चित्रीकरणाच्या वेळी गाणं भरभर वाजवावं लागतं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. नृत्यदिग्दर्शक म्हणून फराह खानचं ते पहिलं गाणं. त्या रात्री ते आमच्या लेखी मशीनचा बिघाड होतं.

दुसरी आरोळी उठली ती ‘पायजमाछाप’वर. श्रीमंत राजपूत कॉलेजची पोरं मॉडेल कॉलेजच्या गावठी पोरांना तसं हिणवतात. आमचे आजोबा पांढऱ्या पायजम्यात पुढच्या खुर्चीवर. त्यांनी शेजारच्याला विचारलं, “ह्यात शिवी कुठली?” ज्या गावात अर्धी वडीलधारी मंडळी पायजम्यातच बाजाराला जातात, तिथं हा अपमान काही केल्या पोचेना.

दुसऱ्या दिवशी भाड्याची सायकल घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार काकांना मी नवी माहिती दिली, की गिअरच्या भारी सायकलींना चेन डाव्या बाजूला असते. काकांनी हातातलं पंक्चर बाजूला ठेवलं. “चेन उजवीकडंच असती लेका. कुठं बघितलास?” म्हटलं, सिनेमात. “मागनं बघितलास व्हय?” दुकानात बसलेले सगळे हसले. मी सायकल घेतली आणि पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळला जायचं ठरवून शिवाजी पुलावरनंच परत आलो.

परवा लेकीबरोबर तो सिनेमा पहिल्यांदा सरळ बाजूनं अख्खा बघितला. मन्सूर खाननं कॉलेजची हवा अशी काही पकडलीय की कँटीनमधल्या टवाळक्या आजही जुन्या वाटत नाहीत. पण पहिला अर्धा भाग आमिरचा संजू सहन होत नाही. नापास होतो, बापाशी खोटं, पोरीशी खोटं. लेक म्हणाली, “पप्पा, हा हिरो आहे?” मी म्हटलं, थांब जरा. मनातनं मात्र मला त्याच्या थोरल्या भावाचं, रतनचं वाईट वाटत होतं. सायकल शर्यतीचा सराव त्यानं करायचा, दरीत त्यानं पडायचं आणि ढाल धाकट्यानं उचलायची. शर्यतीच्या मधेच सायकली टाकून जी हाणामारी होते, ती तेवढी लेकीला पटली. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉलच्या मॅच बघून वाढलेली पोरगी आहे ती.

तरी काहीतरी चुकत होतं. प्रत्येक प्रसंगात माणसं भलत्याच बाजूनं यायची. आयेशाची अंजली पाना उजव्या हातात धरून बसली होती, कुणाही चारचौघींसारखी. चेन उजवीकडं होती. काका बरोबर होते, पण तीस वर्षं डोक्यात असलेला सिनेमा काकांचा नव्हता.

आमच्या टीव्हीच्या समोर कपाट आहे, त्याला मोठा आरसा. शेवटची शर्यत सुरू झाली तसा मी सोफ्यावर टीव्हीकडं पाठ करून वळलो.

“पप्पा, काय करताय?”

“बघतोय.”

आरशात संजूनं वळण घेतलं. चेन डावीकडं होती.