लग्नपत्रिकेपासून मीमकोशापर्यंत : आमची वाटचाल

आमचा धंदा लग्नपत्रिकांवर सुरू झाला. जळगावात भाड्याचा गाळा, एक कॉम्प्युटर आणि उधारीवर आणलेला लेझर प्रिंटर, एवढंच भांडवल. गिऱ्हाईक मजकूर सांगून झाला की उठता उठता हमखास म्हणायचं, "अन् खाली ते लहान पोरांचं टाका." ते म्हणजे 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' मामाच्या जागी कधी काका, कधी आत्या. 'हं'च्या जागी 'बरं का'. ही ओळ मूळ कोणाची, असं एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही, मीही नाही.

पुढे व्हॉट्सॲपवर पत्रिका फिरायला लागल्या आणि छपाई बसली. आम्ही वेबसाइटकडे वळलो. केळीचे व्यापारी, कोल्ड स्टोरेज, दोन-तीन सराफ. त्यावर आजही घर चालतं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

मीमकोशाचं, म्हणजे मोबाइलवर फिरणाऱ्या गमतीदार चित्रांच्या आणि ओळींच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या संकेतस्थळाचं खूळ मे महिन्यातलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, लाइट गेलेली, आणि ऑफिसातली दोन पोरं एका मीमवरून भांडत होती : हे आधी धुळ्याच्या ग्रुपवर आलं की भुसावळच्या? भांडण मिटवायला म्हणून मी वाचायला घेतलं. 'मीम' हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली घडवला. तेव्हा इंटरनेटवरच्या चित्रांचा प्रश्नच नव्हता. एका डोक्यातून दुसऱ्यात जाणारी, जाताना थोडी बदलणारी आणि तरीही टिकणारी गोष्ट, एखादी चाल, फॅशन, म्हण, अशा अर्थाने त्याने तो वापरला. वाचलं आणि मला पहिली आठवली ती मामाच्या लग्नाची ओळ. म्हणजे मी इतकी वर्षं मीमच छापत होतो! त्याच १९७६ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला, हा योगायोग मी भेटेल त्याला ऐकवला. कोणावर काही परिणाम झाला नाही.

इंग्रजीत नो युअर मीम हे संकेतस्थळ २००८पासून अशा नोंदी ठेवतं. पण अहिराणीतली मीम्स तिथे कोण नोंदवणार?

पहिलं डिझाइन मीच केलं आणि ते साफ फसलं. फोटोंची भिंत केली होती, दिसायला झकास. पण माणूस मीम शोधायला येतो तेव्हा त्याला नाव ठाऊक नसतं. तो म्हणतो, 'ते कुत्रं तिरकं बघतं ना, ते.' म्हणून आम्ही चित्राखालीच तीन गोष्टी हाताने टाइप करायला लागलो : चित्रावरची ओळ, चित्रात काय दिसतं, आणि लोक त्याला काय म्हणतात. चित्रावरचा मजकूर आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, पण पांढऱ्या अक्षरांना काळी किनार असली की ते जोडाक्षरांचा पार भुगा करायचं.

एकच चित्र चाळीस वेळा चढवलं जायचं, त्याचा इलाज मात्र सुंदर निघाला. चित्र आठ बाय आठ चौकोनांइतकं लहान करायचं, रंग काढून टाकायचे. जो चौकोन सरासरीपेक्षा उजळ त्याला एक, बाकीच्यांना शून्य. चौसष्ट ठिपक्यांची रांगोळीच म्हणा. दोन रांगोळ्यांत चार-पाच ठिपक्यांचाच फरक असेल, तर चित्र बहुधा एकच. कोणी चित्र उलटं केलं किंवा अर्धं कापलं की ही युक्ती हरते, तिथे आमची पोरंच डोळे फोडतात.

तारखेने सगळ्यात जास्त दमवलं. फोटो काढल्याची माहिती व्हॉट्सॲपवरून पाठवताना गळून जाते, त्यामुळे फॉरवर्ड झालेल्या चित्राला जन्मदाखलाच नसतो. आणि असला तरी कोणाचा धरायचा, चित्राचा की मीमचा? ते प्रसिद्ध जपानी कुत्रं घ्या, काबोसू. तिच्या मालकिणीने फोटो २०१० साली टाकला, जगभर 'डोज' म्हणून ती गाजली २०१३ साली. शेवटी आम्ही 'जन्मतारीख' हा रकानाच काढला. आता लिहितो 'सर्वांत जुनी सापडलेली प्रत'. त्याहून जुनी कोणी आणून दिली की तारीख मागे सरकते. एका म्हणीची तारीख चार वेळा सरकली आहे.

'बोली' हा रकाना ठेवला तेव्हा वाटलं, यात काय अवघड? मी एका नोंदीवर 'अहिराणी' लिहिलं, आणि फैजपूरहून फोन. "हे आमच्या लेवागण बोलीतलं आहे. अहिराणी कोठून आली मधे?" बरोबर होतं त्यांचं. जन्म जळगावातला असून मला फरक कळला नाही, याची लाज वाटली. तेव्हापासून बोलीचा रकाना मी एकटा भरत नाही.

एक नोंद पारोळ्याकडच्या एका आजींची. भरीत करताना त्या नातवावर खेकसल्या, त्या वाक्याचं मीम झालं. आम्ही शहाणपणा करून त्यांचं नाव गाळलं आणि फोटो ठेवला. नातू त्यांना घेऊन थेट ऑफिसात आला. मी घाबरलो, वाटलं आता वकील. आजी खुर्चीवर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "फोटू काढी टाक भाऊ, नाव ऱ्हाऊ दे. फोटूमा मन्हा डोकावर पदर नही."

त्याच दिवशी फॉर्ममध्ये 'नाव दाखवायचं का' आणि 'चेहरा दाखवायचा का' असे दोन वेगळे रकाने आले. आजींच्या नोंदीत आता नाव आहे, आणि फोटोच्या जागी भरिताच्या वांग्याचं चित्र.