चमचाभर पाणी

रात्रीचे अडीच. झोप लागत नाही म्हणून लिहायला बसले.

आईच्या हातातला चमचा मी हिसकावून घेतला. अण्णा गाढ झोपेत, तोंड उघडं, ओठांना भेगा. "घसा सुकलाय गं त्यांचा," म्हणत ती चमचा ओठांशी नेत होती आणि मी ओरडले. पाणी उशीवर सांडलं. ती काहीच बोलली नाही.

चुकीचं काही नव्हतं माझं. जागेपणी गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं; थेंब चुकलाच तर ठसका लागून बाहेर येतो. गाढ झोपेत, बेशुद्धीत हा पहारा ढिला होतो, थेंब गुपचूप फुफ्फुसात उतरू शकतो. त्यात अण्णांचं गिळणं पक्षाघाताच्या झटक्यातच गेलेलं. मागच्या महिन्यातला तो न्यूमोनिया, ते अकरा दिवस... नकोच.

अण्णांना ठसका लागला की आई अजूनही विचारते, कोणी आठवण काढली? मला तर आता ठसका लागला की हायसं वाटतं. भीती वाटते ती न लागणाऱ्या ठसक्याची. नळीने पेज दिली की पाठ 30 ते 45 अंश उंच, पुढे निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, हे सगळं मीच सांभाळते. दादा फोनवर अण्णांची चौकशी करतो. माझी कोण करणार?

पण मी हिसकावलाच का? "आई, थांब" एवढं म्हटलं असतं तरी ती थांबली असती.

लहानपणी मला तापात झटके यायचे. दातखीळ बसू नये म्हणून तिने चमचा घातला होता तोंडात; पुढच्या दाताचा टवका तेव्हाचाच. अशा वेळी कुशीवर वळवायचं, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, हे तिला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. तिला एवढंच माहीत, की आपलं माणूस निपचित पडलं की त्याच्या तोंडात पाणी घालायचं. आजीलाही तिनेच घातलं होतं, शेवटचं.

असो. या घरात आता आम्ही दोघीच जागणार, तर एकमेकींना शिकवतच जागायला हवं. मघाशी तिला गॉज भिजवून घट्ट पिळून दाखवला, नुसते ओठ ओले करायला. माफी मागायची राहिलीच.

आत्ता ती अण्णांचे ओठ पुसतेय. प्रत्येक वेळी गॉज पिळला की माझ्याकडे बघते आणि विचारते, "एवढं चालेल ना गं?"