घोडीच्या नाकाला बांधलेलं फडकं

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. पशुवैद्य म्हणून मी दरवर्षी तिथे असतो. बरेचसे दिवस लंगडणारे पाय आणि खरेदीआधीची तपासणी यातच जातात. त्या सकाळी शिरपूरकडचे एक आबा धापा टाकत आले. "डॉक्टर, घोडीले काय व्हयनं ते समजस नही. लवकर चला."

तापीकाठच्या राहुटीत घोडी मान ताणून उभी होती. दोन्ही नाकपुड्यांतून फेस गळत होता आणि त्यात गव्हाच्या कोंड्याचे कण होते. सर्दी समजून, धूळ जाऊ नये म्हणून कोणीतरी नाकावर ओलं फडकं आवळलं होतं. शेजारी एक पोरगा बांबूच्या नळीत गूळ-ओव्याचा काढा घेऊन तयार होता.

फडकं मी आधी सोडलं. काढा ओतूच दिला नाही.

"नाक बांधलं तरी तोंड मोकळं होतं ना?" आबांनी विचारलं. त्यांचं आयुष्य बैलजोडीबरोबर गेलं होतं, आणि उन्हात बैल तोंड उघडून धापतो हे त्यांनी हजारदा पाहिलेलं. मी त्यांचा तळहात घोडीच्या तोंडापुढे धरला. काहीच लागलं नाही. मग नाकपुडीपुढे धरला, तर गरम वाफ.

आपण जिभेने वर चाचपली तर पुढे कडक टाळू लागते आणि तिच्यामागे मऊ. घोड्याची ही मऊ टाळू फार लांब असते. पडद्यासारखी ती खाली थेट श्वासनलिकेच्या झाकणाच्या बुडापर्यंत पोचते, आणि ते झाकण तिच्यावर टेकून राहतं. काजात बटण बसावं तसं. त्यामुळे तोंडाची वाट आणि श्वासाची वाट अगदी वेगळी पडते. घास गिळताना तेवढा पडदा वर उचलला जातो. म्हणून घोडा श्वास नाकानेच घेतो, आणि अन्ननलिका तुंबली की घशात परत आलेलं चारा-पाणी नाकावाटे बाहेर पडतं. गाईची मऊ टाळू तुलनेने आखूड असते. तिच्या अन्ननलिकेत काही अडकलं तर तोंडातून लाळ गळते आणि पोट फुगतं. रोग तोच, पण दिसतो निराळा.

मानेच्या डाव्या बाजूला हात फिरवला तर लिंबाएवढी गाठ लागली. रात्रीच्या प्रवासाने थकलेल्या, तहानलेल्या घोडीने कोरडा कोंडा बकाबका खाल्ला होता. तो काढा ओतला असता तर सरळ फुप्फुसात गेला असता, ही भीती मला आजही आठवते.

गुंगीचं इंजेक्शन दिलं. मान खाली लोंबू दिली, म्हणजे लाळ बाहेरच पडेल. नाकातून नळी हळूच आत सरकवली. घोडीने गिळलं तेव्हा ती अन्ननलिकेत उतरताना मानेवर दिसली. कोमट पाणी थोडं थोडं सोडायचं, परत येऊ द्यायचं, थांबायचं. जोर अजिबात लावायचा नाही, अन्ननलिका फाटू शकते. सव्वा तासाने नळी एकदम पुढे गेली.

दिवसभर चारा बंद. पुढचे तीन दिवस मी छाती ऐकायला जात होतो, कारण लाळेचा थेंब जरी आत गेला असेल तर न्यूमोनिया दोन-तीन दिवसांनीच कळतो. तिसऱ्या संध्याकाळी गेलो तेव्हा आबा कंदिलाजवळ बसून घोडीच्या नाकपुडीपुढे तळहात धरून होते. ओठ हलत होते.

"बारा," ते म्हणाले. "मिनिटाले बारा."