हनीकॉम्ब पॅनेल स्वस्त करायचंय? आधी फिटिंग बघा

विमानाच्या मेटल हनीकॉम्ब पॅनेलची कॉस्ट कमी करा म्हटलं की सगळे आधी फॉइलचा (आतलं जाळं ज्याचं बनतं त्या पातळ पत्र्याचा) रेट काढून बसतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. खरा पैसा जातो कोअर (मधलं मधमाशीच्या पोळ्यासारखं जाळं) नि स्किन (त्याच्या दोन्ही बाजूंचे पत्रे) एकमेकांना नीट बसवण्यात, आणि ते नाही बसलं तर रिजेक्शनमध्ये.

अमेरिकेचं एक्सबी-७० वाल्किरी हे प्रायोगिक विमान घ्या. १९६४ला पहिल्यांदा उडालं, डिझाइन माक ३चं (आवाजाच्या तिप्पट वेगाचं), त्या वेगाला तापणारी स्किन ॲल्युमिनियमला झेपणार नाही म्हणून बरंचसं स्टेनलेस स्टीलचं हनीकॉम्ब, तेही ब्रेझिंग केलेलं (मिश्रधातू वितळवून जोडलेलं). ब्रेझिंगमध्ये वितळलेला मिश्रधातू अगदी बारीक फटीतच ओढला जातो, कोअर कुठे जरा बुटकी राहिली की तिथे जोड लागतच नाही, आणि पॅनेल बंद झाल्यावर आत काय झालंय ते डोळ्याला दिसत नाही. ऑक्टोबर १९६५मध्ये पहिलं विमान माक ३ला पोचलं आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेचा तुकडाच उडाला, मग त्याला माक २.५ची मर्यादा घातली. दुसरं विमान बनवताना पॅनेलचं काम सुधारलं होतं, ते मे १९६६मध्ये अर्ध्या तासाच्या वर माक ३ला टिकलं.

ॲल्युमिनियमचं काम त्यामानाने सोपं. फॉइलवर गोंदाच्या रेघा मारायच्या, थप्पी रचून क्युअर करायची (तापवून गोंद पक्का करायचा), चकत्या कापून ओढायच्या, लग्नात लावतात त्या कागदी गोळ्यासारखं उघडतं. न ओढलेल्या चकत्या मागवल्या तर ट्रकभर हवा वाहून आणायचं भाडं वाचतं, हे फार लोक करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण मोठी बचत डिझाइनमध्येच आहे. ओढलेली कोअर मशीनवर धरणं वैतागाचं काम, पातळ भिंती लगेच दुमडतात, म्हणून जाडी बदलणारे नि दोन्हीकडून वळणारे आकार जितके टाळाल तितकं बरं. कोअरचे तुकडे जोडणं, इन्सर्टभोवतीचं (स्क्रू-बोल्ट धरायला बसवलेल्या तुकड्यांभोवतीचं) रेझिन भरणं म्हणजे पॉटिंग आणि स्किन चिकटवणं, साहित्य जुळत असेल तर हे एकाच क्युअरमध्ये बसवा, ऑटोक्लेव्हची (उष्णता नि दाब देणाऱ्या भट्टीची) प्रत्येक फेरी महाग असते. एज सीलिंगमध्ये (पॅनेलच्या कडा बंद करण्यात) मात्र काटकसर नको. पाणी शिरलं की आतून गंज धरतो आणि एअरलाइनला पॅनेलच बदलावं लागतं.

आणि नव्या टूलवर (साच्यावर) पहिला पार्ट चिकटवायच्या आधी अॅडेझिव्हच्या जागी व्हेरिफिल्म (न चिकटता ठसा घेणारी चाचणीची फिल्म) घालून एक ड्राय रन (रंगीत तालीम) कराच. उघडल्यावर जिथे कोअरचा ठसा उमटला नाही तिथे फट आहे, आणि ती फट त्या टप्प्यावर भरायला काहीच लागत नाही.