तुम्ही विचारलेत म्हणून: मटार घरी कशासाठी?

थंडीत पंचवटीच्या बाजारात मटारांचे ढीग लागलेले असताना मी घरामागच्या वाफ्यात ते कशासाठी लावते, हे मला दर वर्षी विचारले जाते. पूर्वी मी ‘स्वस्त पडतात’ असे सांगत असे. ते खरे नव्हते, आणि मलाही ते ठाऊक होते: पाच हातांच्या सरीतून हंगामभरात जेमतेम दोन किलो शेंगा निघतात, आणि सोलल्यावर दाणे त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतात.

कारण गोडीचे आहे. शेंग तोडली की दाण्यातल्या साखरेचे स्टार्च होऊ लागते, म्हणून मी आधी खोबरे खोवून, मिरच्या चिरून ठेवते आणि मगच तोडायला जाते. याला कोणी हट्ट म्हणू नये. ताजे आणि दुसऱ्या दिवशीचे दाणे शेजारी ठेवून चाखून पाहावेत.

माझे वडील, म्हणजे आमचे दादा, निफाडकडचे शेतकरी. शेवटच्या आजारपणात दादा आमच्याकडे होते आणि त्यांना मटारची उसळ खायची होती. बुधवारीच शेंगा टच्च भरलेल्या, चकचकीत दिसत होत्या. पण रविवारी भाऊ जेवायला येणार होता, तोवर दाणेही आणखी भरतील, म्हणून मी थांबले. मधल्या दिवसांत ऊन चढले. रविवारी शेंगांची चकाकी गेली होती आणि सालींवर पांढरट जाळी उमटली होती. तरीही मी उसळ केली. हिरवा रंग राहावा म्हणून हळदसुद्धा घातली नाही. दादांनी एक दाणा बोटांत दाबला, तेव्हा साल सुटून त्याच्या दोन डाळी वेगळ्या झाल्या. “हा वाटाणा झाला गं. मटार होता तेव्हाच तोडायचा,” एवढेच ते म्हणाले, आणि पानातली उसळ त्यांनी संपवली. पुढच्या हंगामाला ते नव्हते.

सगळ्यांनी एका पंगतीत खावे असे वाटणे ही चूक नव्हती, असे मी अजूनही म्हणते. मात्र ज्या माणसासाठी उसळ करायची होती तो बुधवारी घरातच होता, हेही मला नाकारता येत नाही.

यंदा दिवाळीनंतर अर्केल या मटारच्या वाणाचे बी टोकले आहे. वेल काठ्यांवर चढले आहेत आणि खालच्या शेंगा मी रोज चाचपून पाहते. भाऊ याही वेळी रविवारीच येणार आहे, आणि शेंगा बहुधा शुक्रवारी तयार होतील.