आमची वाटचाल : भोसरीतलं प्रोबचं वर्कशॉप

अॅक्सियल कॉम्प्रेसरच्या, म्हणजे फिरत्या पात्यांनी हवा सरळ पुढे ढकलत दाबणाऱ्या यंत्राच्या, चाचणीला लागणारे फाइव्ह-होल प्रोब (हवेत धरायच्या, दाब मोजणाऱ्या नळ्या) आम्ही भोसरीत बनवतो आणि कॅलिब्रेट करतो, म्हणजे माहीत असलेल्या झोतात तपासून घेतो. तीन मिलिमीटरच्या टोकावर पाच भोकं, मधलं समोर आणि चार उतारावर. त्यांच्या दाबांतल्या फरकावरून हवेचा वेग कळतो, दिशाही कळते. भोकाच्या काठाला जरासा बर (धातूची बारीक कोर) राहिला तरी रीडिंग बिघडतं. माझे भागीदार मूळचे टूलरूमचे फिटर. भिंगाखाली पाहिल्याशिवाय एकही टोक त्यांनी डबीत ठेवलं नाही.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग एका मोठ्या कंपनीच्या लो-स्पीड रिगवर, म्हणजे कमी वेगाच्या चाचणी यंत्रावर, रोटरच्या (फिरत्या पात्यांच्या चाकाच्या) मागे ट्रॅव्हर्स घेतला, म्हणजे प्रोब सरकवत जागोजागी दाब मोजला. केसिंगजवळ, म्हणजे बाहेरच्या कवचाजवळ, टोटल प्रेशर (हवेचा वेगासकट एकूण दाब) कॉम्प्युटर मॉडेलपेक्षा बरंच कमी आलं. थ्रॉटल (हवेची झडप) मिटत नेला तर स्टॉलही, म्हणजे पात्यांवरचा प्रवाह सुटणंही, लवकर. मॉडेल दुसऱ्या एका फर्मचं. त्यांनी भर बैठकीत रंगीत चित्रं लावली आणि सांगितलं, "भोसरीवाल्यांचे प्रोबच चुकीचे." आमचं बिल अडकलं, पुढची कामं त्यांना गेली. बँकेचे हप्ते थकले, लेथ विकायला काढायची वेळ आली.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बंगळूरचे एक शास्त्रज्ञ, तोवर निवृत्त झालेले. ते स्वतःच्या खर्चाने आले. प्रोब जेटसमोर लावून पुन्हा कॅलिब्रेट केला. कर्व्ह जुन्यावर तंतोतंत बसला. मग म्हणाले, "आता रिगवर चला, फट मोजायला फीलर गेज घ्या." पात्याचं टोक आणि केसिंग यांतली फट ड्रॉइंगवर ०.५ मिलिमीटर. वर तेवढीच भरली, बाजूला ०.९. केसिंग लंबगोल झालं होतं, मोठ्या फटीतून हवा गळून दाब पडत होता, आणि मॉडेलमध्ये सगळीकडे ०.५!

१९९४ साली नासाच्या रोटर ३७ या कॉम्प्रेसर रोटरची मोजमापं झाकून ठेवून वेगवेगळ्या गटांना गणित करायला दिलं होतं. ३६ पाती, टोकाची फट ०.३५६ मिलिमीटर, भूमिती सगळ्यांना एकच. तरी प्रेशर रेशो (दाब किती पट वाढला) आणि एफिशियन्सीची उत्तरं पांगली. तिथे हे होतं, तर चुकीची फट भरलेल्या मॉडेलवरून आमच्या प्रोबला खोटं ठरवायचं?

नव्या मुलांना माझं सांगणं आहे, मेश (मॉडेलमधली गणिताची जाळी) बारीक करण्याआधी फट मोजा, तीही परिघावर आठ ठिकाणी. प्रोब हातातून पडला तर "काही झालं नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, पुन्हा कॅलिब्रेट करा.

केसिंग त्या कंपनीने गुपचूप आतून कातून (बोअर) गोल करून घेतलं. आमचं अर्धं बिल अजून यायचं आहे, आणि त्या बैठकीच्या मिनिट्समधलं आमच्यावरचं वाक्य आजही कुणी खोडलेलं नाही.